निनावी राक्षस आणि त्याचे वाचक

इ. स. १८१८ हे साल उच्चारले की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते: पेशवाई बुडाली. त्या सालाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारीला, भीमेच्या काठी कोरेगावास लढाई झाली, आणि जून महिन्यात दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. नेमक्या त्याच १ जानेवारीला तिकडे लंडन शहरात तीन खंडांची एक कादंबरी विक्रीस आली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. छापलेल्या प्रती अवघ्या पाचशे. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे खरे. पण तारखा जुळल्या म्हणजे इतिहासाची गोडी असणाऱ्या माणसाला क्षणभर थांबावेसे वाटतेच. पेशवाई गेली ती गेली. ती कादंबरी मात्र दोनशे वर्षे उलटून गेली तरी वाचली जात आहे. तिचे नाव ‘फ्रँकेनस्टाइन’.

हे नाव ज्याने ऐकले नाही असा वाचक विरळा. पण ज्याने ती कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे, असाही विरळाच. ‘फ्रँकेनस्टाइन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो चपट्या कपाळाचा, मानेत लोखंडी खुंट्या बसविलेला, झुलत झुलत चालणारा मुका धिप्पाड राक्षस. गंमत अशी की, मूळ पुस्तकात यांतले काहीच नाही. फ्रँकेनस्टाइन हे त्या राक्षसाचे नावच नव्हे. ते त्याला घडविणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचे आडनाव. राक्षसाला पुस्तकभर नाव नाही. आणि तो मुका तर मुळीच नाही. साऱ्या पुस्तकात त्याच्याइतके चांगले कोणी बोलत नाही. मग हा एवढा घोटाळा झाला कसा? त्याचा माग काढू लागले की कादंबरी बाजूला राहते आणि तिच्या वाचकांचीच कहाणी पुढे येते. या पुस्तकाविषयी कोणी काय मत दिले, कोणी त्याला शिव्या घातल्या, कोणी डोक्यावर घेतले, आणि या साऱ्या गलबल्यात त्या बिचाऱ्या राक्षसाचे म्हणणे ऐकले कोणी, हे पाहण्यासारखे आहे.

ज्यांनी पुस्तक वाचले नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. जिनिव्हाच्या एका सुखवस्तू घराण्यातला व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन हा तरुण जर्मनीतील इंगोलस्टाट येथे शिकायला जातो. निर्जीव शरीरात प्राण घालण्याची विद्या त्याला सापडते. स्मशानांतून हाडे गोळा करून तो आठ फूट उंचीचा एक पुरुष घडवितो, आणि नोव्हेंबरातल्या एका पावसाळी रात्री तो पुरुष डोळे उघडतो. त्याचे रूप पाहून त्याचा निर्माताच शिसारीने पळून जातो. ज्याने जन्म दिला त्याचे पहिले कृत्य हे. त्या नवजात जीवाला ना नाव, ना घर, ना घासभर अन्न.

तो रानात जातो. कंदमुळे आणि फळे खाऊन राहतो. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या पडवीत लपून, भिंतीच्या फटीतून त्यांचे बोलणे ऐकत तो भाषा शिकतो. रात्री त्यांच्यासाठी लाकडे तोडून दारात आणून ठेवतो, अंगणातले बर्फ उपसतो. आणि त्या भोळ्या माणसांना वाटते की, कोणी भला आत्मा आपली सेवा करीत आहे. रानात सापडलेल्या पेटीतली पुस्तके तो वाचतो: मिल्टनचे महाकाव्य, प्लूटार्कची चरित्रे आणि गटेची ‘व्हेर्टर’. म्हणजे राक्षस स्वतःच एक वाचक आहे, आणि तोही असा की, त्याने वाचलेल्या ग्रंथांपुढे आपल्यापैकी पुष्कळांनी मान खाली घालावी. अखेर धीर करून तो त्या कुटुंबातल्या आंधळ्या म्हाताऱ्यापुढे एकटाच जाऊन बसतो. म्हातारा त्याचे बोलणे शांतपणे, मायेने ऐकून घेतो. इतक्यात घरची डोळस माणसे येतात, आणि मुलगा काठीने त्याला मारीत सुटतो.

इथून सूड सुरू होतो. निर्मात्याचा धाकटा भाऊ विल्यम मारला जातो, आणि त्या खुनाच्या खोट्या आळावरून घरातली निरपराध मोलकरीण फासावर जाते. पर्वतातल्या हिमनदीवर राक्षस आपल्या निर्मात्याला गाठून सारी हकिकत सांगतो आणि एकच मागणे मागतो: माझ्यासारखीच एक सहचरी मला घडवून दे, मी तिला घेऊन माणसांच्या वस्तीपासून दूर निघून जाईन. व्हिक्टर कबूल होतो, ती घडवायला घेतो, आणि ऐन वेळी तिचे तुकडे करून टाकतो. मग त्याचा जिवलग मित्र जातो. लग्नाच्या रात्रीच त्याची बायको जाते. दुःखाने बाप जातो. शेवटी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात दोघे एकमेकांच्या मागे धावतात. निर्माता एका जहाजावर प्राण सोडतो. आणि सूड पुरा झालेला राक्षस त्याच्या प्रेताजवळ उभा राहून रडतो व स्वतःची चिता पेटविण्यासाठी बर्फात नाहीसा होतो.

ही कथा लिहिली कोणी? लिहायला घेतली तेव्हा अठरा वर्षांची असलेल्या एका मुलीने. मेरी गॉडविन ही त्या काळच्या इंग्लंडातल्या दोन बंडखोर लेखकांची मुलगी. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांची पुरस्कर्ती. ती या मुलीला जन्म देऊन अकराव्या दिवशी बाळंतरोगाने वारली. बाप विल्यम गॉडविन, राजसत्तेवर आणि धर्मसत्तेवर टीका करणारा तत्त्वज्ञ. सोळाव्या वर्षी मेरी कवी शेलीबरोबर पळून गेली. शेलीचे लग्न आधीच झालेले होते. १८१५ च्या फेब्रुवारीत तिला दिवस भरण्यापूर्वीच मुलगी झाली. तीही दोन आठवड्यांत गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मेरीने रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवले आहे. आपले बाळ मेले नव्हते, नुसते गारठले होते. आपण त्याला विस्तवाजवळ धरून चोळले आणि ते जिवंत झाले, असे ते स्वप्न. ‘फ्रँकेनस्टाइन’ वाचण्यापूर्वी ही चार ओळींची नोंद ज्याने वाचली असेल, त्याला मेलेल्या देहात प्राण घालण्याची कल्पना केवळ भिववण्यासाठी काढलेली वाटणार नाही.

पुढच्या वर्षी, १८१६ च्या उन्हाळ्यात, ही मंडळी जिनिव्हाच्या सरोवराकाठी होती. आदल्या वर्षीच्या एप्रिलात, आज इंडोनेशियात असलेल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याची राख जगाच्या आकाशात पसरून युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा पडलाच नाही. पावसाची झड लागलेली. घरात कोंडून पडलेली ही मंडळी फ्रेंचमध्ये उतरलेल्या जर्मन भुताच्या गोष्टी वाचीत बसत. एके दिवशी लॉर्ड बायरनने टूम काढली की, आपण प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची. थोर कवींनी आरंभशूरपणा केला आणि सोडून दिले. बायरनचा तरुण डॉक्टर पोलिडोरी याने तिथल्याच एका कल्पनेवरून रक्तपिपासू पिशाचाची कथा रचली. ती १८१९ साली छापली गेली. आणि मेरीची गोष्ट वाढत वाढत कादंबरी झाली. ती लिहीत असतानाच तिची सावत्र बहीण आणि शेलीची पहिली पत्नी, दोघींनी दोन महिन्यांच्या अंतराने जीव दिला. १८१६ च्या अखेरीस मेरीचे शेलीशी लग्न झाले. पुस्तक पुरे झाल्यावर एकदोन प्रकाशकांनी ते परत केले आणि अखेर एकाने घेतले.

आता वाचक काय म्हणाले ते पाहू.

पुस्तकावर नाव नव्हते. पण ते गॉडविनला अर्पण केलेले होते. टीकाकारांना तेवढे पुरे झाले. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या वजनदार नियतकालिकात क्रोकर या टीकाकाराने त्याच्यावर तुटून पडताना, हा सारा किळसवाण्या मूर्खपणाचा गुंता आहे असे म्हटले. त्याची तक्रार मोठी मासलेवाईक आहे. लेखकाजवळ शक्ती आहे हे तो नाकारत नाही. उलट असले पुस्तक जितक्या कौशल्याने लिहिले असेल तितके ते अधिक वाईट, असा त्याचा न्याय. त्यातून ना आचाराचा धडा मिळतो, ना नीतीचा, हा मुख्य आक्षेप. ‘ब्रिटिश क्रिटिक’ या दुसऱ्या मासिकाने तर कमालच केली. लेखक स्त्री आहे असे आमच्या कानी आले आहे, खरे असेल तर या पुस्तकाचा दोष आणखीच वाढतो, असे म्हणून त्याने अधिक काही न बोलता पुस्तक बाजूला सारले. ते कोणी लिहिले यावरच शिक्षा झाली.

छापील टीकेहूनही कडवट मत एका वाचकाने आपल्या घरी बसून दिले. विल्यम बेकफर्ड हा ‘वाथेक’ या गाजलेल्या अद्भुतकथेचा लेखक. त्याने आपल्या प्रतीच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले की, या काळाच्या उकिरड्यावर उगवलेली ही सर्वांत घाणेरडी कुत्र्याची छत्री आहे. ज्याने स्वतः राक्षसी गोष्टी लिहून नाव मिळविले त्याला दुसऱ्याचा राक्षस इतका झोंबावा, याचे नवल वाटते. पण पैसे देऊन घेतलेली प्रत त्याने फेकून दिली नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या बाजूला होता सर वॉल्टर स्कॉट. त्या काळी कादंबरीच्या प्रांतात त्याच्याएवढा मानाचा माणूस नव्हता. ‘ब्लॅकवुड्स’ मासिकाच्या मार्च १८१८ च्या अंकात त्याने या पुस्तकाचे मोकळ्या मनाने कौतुक केले. लेखकाची प्रतिभा अस्सल आहे, भाषा सरळ आणि जोरकस आहे, असे म्हटले. शंकाही काढली: भिंतीच्या फटीतून ऐकून कोणी एवढा विद्वान कसा होईल? शंका रास्त होती. पुस्तकाची प्रत शेलीने पाठविली होती, म्हणून स्कॉटने लेखक शेलीच असावा असे धरले. तेव्हा मेरीने इटलीहून १४ जून १८१८ रोजी त्याला पत्र लिहिले, आभार मानले, आणि हे पुस्तक माझे आहे असे विनयाने कळविले. वीस वर्षांच्या त्या मुलीला ते पत्र लिहिताना काय वाटले असेल! नवऱ्याच्या नावावर जमा झालेली कीर्ती तिने परत मागून घेतली.

आणि सामान्य वाचक? शेलीचा स्नेही पीकॉक त्याच वर्षीच्या ऑगस्टात एगम येथील घोड्यांच्या शर्यती पाहायला गेला होता. तिथे जो भेटेल तो त्याला या पुस्तकाविषयी आणि त्याच्या कर्त्याविषयी विचारीत होता. हे पुस्तक सर्वांनी वाचलेले दिसते, असे त्याने शेलीला कळविले. पाचशे प्रतींचे पुस्तक शर्यतीच्या मैदानावर पोचले. फिरत्या वाचनालयांतून एकेक प्रत किती हातांतून गेली असेल, याचा विचार करावा.

परंतु या पहिल्या वाचकांपैकी ज्याने पुस्तकाचे मर्म ओळखले तो घरातलाच होता. शेलीने स्वतः या कादंबरीवर एक छोटेसे परीक्षण लिहिले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८३२ साली, ‘अथेनियम’मध्ये छापले गेले. त्याचे म्हणणे असे की, राक्षसाचे गुन्हे त्याच्या स्वभावातून उपजलेले नाहीत. ते त्याच्याशी झालेल्या वागणुकीतून अपरिहार्यपणे निघाले आहेत. माणसाला वाईट वागवा, म्हणजे तो वाईट होईल. मायेच्या बदल्यात तिरस्कार द्या, म्हणजे तो सूड घेईल. क्रोकरला ज्या पुस्तकात नीतीचा धडा सापडला नाही, त्यातला धडा हा होता.

यानंतर पाच वर्षांनी जे घडले त्याने या पुस्तकाचे नशीब पालटले. २८ जुलै १८२३ रोजी लंडनच्या एका रंगभूमीवर या कथेचे नाटक लागले. त्यात राक्षसाची भूमिका टी. पी. कुक या नटाने केली: अंगाला निळसर रंग, मोकळे केस, अंगविक्षेप, उड्या, आणि तोंडातून एकही शब्द नाही. नाटकवाल्यांना प्रेक्षकांना भिववायचे होते, आणि भिववायला भाषण लागत नाही. शहरात पत्रके वाटली गेली: हे अनीतीचे नाटक पाहायला जाऊ नका, बायकामुलांना नेऊ नका. साहजिकच थिएटर भरून गेले.

मेरी त्या वेळी इटलीहून परतली होती. शेली आदल्या वर्षी समुद्रात बुडून गेला होता. तीन मुले दगावली होती, त्यांत विल्यम नावाचा मुलगाही होता. कादंबरीतल्या खून झालेल्या बालकाचे नाव हेच. उरलेल्या एका मुलाला घेऊन, जवळ फारसा पैसा नसता, ती लंडनला आली, आणि पाहते तो काय, आपण प्रसिद्ध झालो आहोत! २९ ऑगस्टला ती स्वतः नाटक पाहून आली. नटांच्या यादीत राक्षसाच्या नावाच्या जागी नुसती रेघ ओढलेली होती. ज्याला नावच नाही त्याला दाखविण्याची ही युक्ती तिला फार आवडली, असे तिने एका मित्राला लिहिले. त्याच महिन्यात तिच्या बापाने पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढविली. आणि तिच्यावर प्रथमच मेरी शेली हे नाव छापले गेले. राक्षसाची जीभ गेली त्याच वेळी लेखिकेला नाव मिळाले, असा हा व्यवहार झाला.

राक्षस मुका झाला याचे परिणाम रंगभूमीपुरते राहिले नाहीत. १६ मार्च १८२४ रोजी इंग्लंडच्या पार्लमेंटात वेस्ट इंडीजमधल्या हबशी गुलामांच्या स्थितीवर चर्चा चालली होती. परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग बोलायला उठला. हा म्हणजे १८५७ च्या धामधुमीत हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल असलेल्या लॉर्ड कॅनिंगचा बाप. गुलामांना एकाएकी मोकळे करू नये, हे सांगण्यासाठी त्याने या कादंबरीचा दाखला दिला. शरीर पुरुषाचे आणि बुद्धी पोराची अशा माणसाला मोकळे सोडणे म्हणजे त्या कथेतला राक्षस उभा करणे होय. मग त्याला आवरणार कोण? असा त्याचा युक्तिवाद होता. ज्याने पुस्तक वाचले आहे त्याने येथे कपाळावर हात मारून घ्यावा. पुस्तकातल्या राक्षसाची बुद्धी पोराची नाही. त्याने मिल्टन वाचला आहे. तो सूडाला उठला तो मोकळा सोडल्यामुळे नव्हे, तर काठीने मारून हाकलल्यामुळे. म्हणजे जी कथा गुलामांच्या बाजूने साक्ष देऊ शकली असती तीच त्यांच्या विरुद्ध उभी केली गेली. गुलामगिरी रद्द करणारा कायदा व्हायला आणखी नऊ वर्षे लागली. एका कादंबरीमुळे तो लांबला असे कोणी म्हणणार नाही. पण चुकीचे वाचन हे नेहमीच निरुपद्रवी असते असे समजू नये.

१८३१ साली मेरीने पुस्तकात पुष्कळ फेरफार करून ते एका खंडात, स्वस्त मालेत काढले. सरोवराकाठच्या त्या पावसाळी दिवसांची हकिकत तिने त्याच्याच प्रस्तावनेत सांगितली आहे. या आवृत्तीत व्हिक्टर अधिक दैवाधीन झाला. विधवेच्या पोटाचा प्रश्न होता, टीकाकारांची भीडही असेल. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे लोकांनी वाचली ती बहुतेक हीच आवृत्ती. दरम्यान नावांची अदलाबदल रूढ होत चालली होती. १८४८ साली एलिझाबेथ गॅस्केल या नामवंत लेखिकेनेही मँचेस्टरच्या गिरणी-कामगारांवरील आपल्या कादंबरीत राक्षसालाच फ्रँकेनस्टाइन म्हटले आहे. १९३१ साली हॉलिवूडचा बोलपट आला. बोरिस कार्लोफने चपट्या कपाळाचा राक्षस उभा केला, आणि पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांत तोच कायमचा ठसला. त्या बोलपटाच्या आरंभी नटांच्या यादीत राक्षसापुढे प्रश्नचिन्ह छापले होते. बोलपट असूनही राक्षस मात्र अबोलच. त्याच्या तोंडी नुसते गुरगुरणे.

हे सारे वाचताना मला त्या आंधळ्या म्हाताऱ्याची आठवण येते. पुस्तकात राक्षसाला माणसासारखे वागविणारा तो एकटाच. कारण त्याने त्याला पाहिले नाही, फक्त ऐकले. पुस्तक वाचणारा वाचकही त्या म्हाताऱ्याच्याच जागी असतो. आपल्यालाही राक्षस दिसत नाही. त्याचा आवाज तेवढा ऐकू येतो, आणि तो इतके नेमके, इतके दुःखाने बोलतो की, त्याचे खून माहीत असूनही आपण त्याच्या बाजूला थोडे सरकतो. नाटकाने आणि बोलपटाने वाचकाला डोळे दिले आणि कान काढून घेतले. क्रोकर आणि कॅनिंग यांनी तर पुस्तकाची पाने उघडी असताही डोळस मंडळींचाच न्याय केला.

पुढे काळ बदलला. १९७४ साली एलन मोर्झ या अमेरिकन विदुषीने दाखवून दिले की, ही बाळंतपणाची, आणि जन्मलेल्या जीवाकडे पाठ फिरविण्याची कथा आहे. जिची आई तिच्या जन्मामुळे गेली आणि जिचे बाळ बिननावाचेच गेले तिलाच ती लिहिता आली. त्याच सुमारास १८१८ ची मूळ संहिता पुन्हा छापली जाऊ लागली, आणि अभ्यासकांच्या हाती पहिले, भीडमुर्वत न ठेवणारे पुस्तक परत आले. २०११ साली लंडनच्या नॅशनल थिएटरात डॅनी बॉइल या दिग्दर्शकाने या कथेचे नाटक बसविले. त्यात दोन नट निर्माता आणि राक्षस या भूमिका आळीपाळीने करीत. काल ज्याने मारले तो आज मार खाई. राक्षसाला त्या नाटकात वाचा परत मिळाली होती. रंगभूमीने घेतलेले रंगभूमीनेच परत केले. मध्ये एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली.

आपल्याकडच्या भुतांचा विचार केला तर हे मर्म आपल्या आज्यांना पुष्कळ आधी कळले होते असे वाटते. आपले कुठलेही भूत उगाच भूत होत नाही. मुंज झाली पण लग्न झाले नाही असा मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते. ज्यांचे काही देणे राहून गेले तेच परत येतात. आणि झपाटलेल्या माणसाला देवऋषीपुढे बसविले की, तो झाडू उगारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारतो: तू कोण? कुठला? तुला काय पाहिजे? विद्या खोटी असेल, प्रश्न मात्र खरे आहेत. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनने आपल्या राक्षसाला यांतला एकही प्रश्न वेळेवर विचारला नाही. हिमनदीवर त्याने ऐकले ते राक्षसाने धरून बसविले म्हणून. आणि मागणे कबूल करून मोडले. पुढे झाले त्याला सूड म्हणावे, की थकलेल्या देण्याची वसुली, हे ज्याचे त्याने ठरवावे. विल्यम आणि ती मोलकरीण यांनी कोणाचेच काही देणे लागत नव्हते, हेही विसरता येत नाही. सूडाचा हिशेब असा कधीच चुकता होत नाही, आणि प्रेताजवळ उभा राहून रडणाऱ्या राक्षसाला ते कळलेले असते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट अंगठ्याखाली चिरडतो. तो नरकासुर. पण तोही भूमीचा पुत्र होता, आणि मरताना का होईना त्याच्या नावाने एक दिवस राहावा असा वर त्याला मिळाला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मारला, पण नाव पुसले नाही. मेरीच्या राक्षसाला मात्र कोणी नाव दिले नाही. जगभरच्या वाचकांनी अज्ञानाने, ऐकीव माहितीवर, त्याला त्याच्या बापाचे आडनाव लावून टाकले. विद्वान लोक ही चूक दोनशे वर्षे दुरुस्त करीत आले आहेत, आणि ती दुरुस्त होत नाही. मला वाटते, तीही होऊ नये. बापाचे आडनाव मुलाला लागावे यात आपल्याला वावगे काय वाटणार? जे बापाने नाकारले ते वाचकांनी त्याला न कळत दिले.

या सुट्टीत पुस्तक हाती आले तर मधला भाग, जिथे राक्षस आपली हकिकत स्वतः सांगतो तो, घरातल्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा. ऐकणाऱ्यांनी डोळे मिटून ऐकावे.